कर्ज कोणाचं आणि थकबाकीदार कोण? (जि. प. शाळेतल्या एका मास्तरचा प्रश्न)

खडूफळा | १२ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्याच्या तेलंगणाकडच्या टोकाला एका द्विशिक्षकी शाळेत आहे. पट २३. त्यातली चौदा लेकरं कोलाम आदिवासींच्या पोडावरची (वस्तीवरची), बाकी गावातली.

मागच्या आठवड्यात आमची शिक्षण परिषद, म्हणजे शिक्षकांची बैठक, झाली. पडद्यावर आमच्या केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) सगळ्या शाळा, वाचनाचे आणि भागाकाराचे टक्के, आणि आमच्या शाळेपुढं लाल रंग. शेजारचा मास्तर कानात म्हणाला, "बँकेनं थकबाकीदारांची यादी लावली रे." हसलो. पण गाडीवर घरी येईस्तोवर तेच डोक्यात.

एम.एड.ला असताना ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांचं एक भाषण वाचलं होतं. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या शिक्षणसंशोधक, हयात काळ्या मुलांच्या शिक्षणाचा अभ्यास करण्यात घातली. २००६ साली अमेरिकेतल्या शिक्षणसंशोधकांच्या संघटनेच्या अध्यक्ष म्हणून त्या बोलल्या. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या गुणांतल्या अंतराला तिकडं सगळे 'गॅप' म्हणतात. बाई म्हणाल्या, हे कर्ज आहे. अंदाजपत्रकातली एका वर्षाची तूट वेगळी आणि वर्षानुवर्षं साचलेलं कर्ज वेगळं. दक्षिणेतल्या कित्येक राज्यांत गुलामांना अक्षर शिकवणं हाच गुन्हा होता. मग वेगळ्या शाळा आल्या, त्याही फुटक्या. मग पैशाची वाटणी: शिकागोतल्या सरकारी शाळेत एका मुलामागे जेवढा खर्च, त्याच्या दुप्पट शेजारच्या हायलँड पार्क नावाच्या श्रीमंत उपनगरात. आपण दरवर्षी तूट मोजतो, मुद्दलाकडं कोणी पाहत नाही. आणि हे देणं मुलांच्या नावावर नाही, देशाच्या नावावर आहे.

तर विचारायचं असं की हे कर्ज तुम्हाला आपल्याकडं कुठं दिसतं? आणि दिसलं तरी मास्तरनं वर्गात त्याचं करायचं काय?

धुऱ्यावरचा | ९:५८

सर, इकडं कर्ज हा शब्द जपून वापरा जी. पोटात गोळा येते.

२००८ च्या माफीत दोन हेक्टरच्या आतल्याचं सारं माफ झालं. आमचं वावर साडेसहा एकर, सारं कोरडवाहू, देवाच्या भरोशावर. कॅनॉलखालच्या पाच एकरवाल्याचं सुटलं अन् आम्हाले सांगतलं आधी पंच्याहत्तर टक्के भरा, मंग पंचवीस सोडतो. भरायले असते तं थकलो असतो काऊन? कोनाचं माफ करायचं हे ठरोनारा मानूस कधी वावरात येत नाही. शाळेचं बी तसंच असन.

आलूबोंडा | १०:०३

म्हणजे आता शाळेचाही सातबारा कोरा करा म्हणायचं? 😀

तर्कटराव | १०:३१

अकोट तालुक्यातल्या जि. प. शाळेत शिकलो, आता पुण्यात आयटीत आहे. स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

एक तर अमेरिकेतला वंशभेद उचलून यवतमाळात लावायचा, हे मला पटत नाही. तिकडची गुलामगिरी तिकडं. दुसरं म्हणजे 'इतिहासाचं कर्ज' म्हटलं की मास्तरची जबाबदारी संपली. पोराला चौथीत भागाकार येत नाही, कारण? इतिहास! आमच्या वर्गात पंचेचाळीस पोरं होती, एकच गुरुजी, आणि आम्ही शिकलोच ना?

सुलभा_आर्वी | १०:४४

त्या पंचेचाळीसमधले किती जण आयटीत आहेत भाऊ?

तर्कटराव | १०:५२

मी आणि अजून एक. तो बँकेत आहे.

सुलभा_आर्वी | १०:५३

बरं.

शाईपेन | १३ जानेवारी, सकाळी ६:२०

मी वर्धा जिल्ह्यातून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त. सकाळी लवकर जाग येते म्हणून हे लांबण.

तर्कटराव, अमेरिका आपल्याला वाटते तितकी लांब नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापलं, त्याची अर्पणपत्रिका वाचा. ज्या अमेरिकी लोकांनी गुलामांना मोकळं केलं, त्यांना ते पुस्तक अर्पण आहे. तुलना आपल्याच माणसानं केली आहे, तीही दीडशे वर्षांपूर्वी.

कर्जाचा हिशोबही त्यांनीच मांडला. १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढं त्यांनी निवेदन दिलं. सरकारचा बहुतेक महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, असा त्यांचा मुद्दा. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी. मास्तर शक्यतो शेतकरी जातींतले असावेत, हीसुद्धा. देशभरासाठी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा व्हायला २००९ उजाडलं आणि लागू झाला १ एप्रिल २०१० ला. व्याज धरून हिशोब करा.

एक गंमत. २०१९ च्या कर्जमाफीला सरकारनं नाव दिलं महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना. जोतीरावांच्या त्या हिशोबानं पाहिलं तर शेतकरी देणेकरी नव्हताच, सावकार होता. त्याच्याच पैशानं दुसऱ्यांची कॉलेजं चालली होती.

बाकी पंचेचाळीसपैकी दोन, हे गणित सुलभाताईंनी माझ्याआधी केलं.

धुऱ्यावरचा | ७:१५

सावकार आम्ही! हे आज बाबाले सांगतो. आंगनात बसून चहा पेऊन राह्यले, कप सुटन हातातला.

मेळघाटी | दुपारी १:०५

मला कर्ज पहिलीच्या वर्गात दिसतं. धारणी तालुक्यात अकरा वर्षं काढली. कोरकू पोरगं सहा वर्षांचं होईपर्यंत घरी बडबड करतं, शाळेत आलं की मुकं होतं. आम्ही शेरा मारतो, 'प्रतिसाद देत नाही'. अहो, प्रतिसाद कोणत्या भाषेत देणार? कोरकू मराठीची बहीणही नाही. ती मुंडा कुळातली, तिकडच्या संथाळीच्या नात्यातली. गोंडी आणि कोलामी द्रविड कुळातल्या, तेलुगूच्या नात्यातल्या. पहिल्या दिवशी आपण त्या लेकराच्या हातात परक्या भाषेचं पुस्तक देतो आणि वर वाचनाचा वेग मोजतो, मिनिटाला किती शब्द म्हणून.

प्राथमिक वर्गांत अल्पसंख्य भाषांच्या मुलांना मातृभाषेतून शिकवण्याची सोय करावी, असं घटनेत कलम ३५०अ आहे. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली. तिलाच मान्यता नाही म्हणून नोटिसा.

मी स्वतः दोन वर्षं कोरकू शिकलो नाही, ही माझी लाज. पोरांनी मग हळूहळू शिकवली. माझे उच्चार ऐकून वर्ग लोळायचा.

झाडीपट्टी | १:३०

कोरकूचं राहू द्या, आमच्या झाडीबोलीतल्या पोरालाही 'अशुद्ध बोलू नकोस' हेच ऐकावं लागते जी. भंडाऱ्यातल्या शाळेत मी 'मले' म्हटलं की पट्टी बसे. आता आकाशवाणीवर झाडीबोलीचा कार्यक्रम लागला की तेच गुरुजी रेडिओ कानाला लावून बसतात.

आलूबोंडा | १:४१

वऱ्हाडीत 'राहिले', 'राह्यले' की 'रायले' हे आधी ठरवा, मग माध्यमाचं पाहू.

(यावर चौदा प्रतिसाद आले. अकोला विरुद्ध अमरावती असा सामना पेटल्यामुळे ते स्वतंत्र धाग्यात हलवले आहेत. – सूत्रधार)

सुलभा_आर्वी | दुपारी ३:२०

विषयावर येते. मी आशाताई (गावची आरोग्य स्वयंसेविका) आहे, घरोघर फिरते, म्हणून मला हे नकाशासारखं दिसतं. आमच्याकडं ऑक्टोबर ते जानेवारी कापूस वेचणी. सातवीतली पोरगी आठवड्यातून दोन-तीन दिवस वावरात. मजुरीसाठी म्हणाल, तर नेहमी तसं नसतं. माय वेचायला गेली की धाकटा कोण सांभाळणार आणि स्वयंपाक कोण करणार, म्हणून. हजेरीपटावर ती 'अनियमित'. शिक्षणाच्या कायद्याच्या नियमांत लिहिलंय पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत. कागदावर तीन, पण मधे नाला आहे. पावसाळ्यात ते तीन म्हणजे दहा.

२०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायची टूम निघाली, तेव्हा आमच्या गावच्या बाया ग्रामसभेत ओरडल्या. बस देऊ म्हणतात. एसटी वेळेवर येत नाही तिथं शाळेची बस येईल? मुलं सायकलनं जातील, पोरींचं शिक्षण तिथंच संपेल. हे लिहून ठेवा कर्जात.

तर्कटराव | ३:५५

सुलभाताई, मान्य. मी मुलगा होतो आणि घर शाळेच्या समोर होतं, हे मी विसरलो होतो.

पण माझा दुसरा मुद्दा उरतोच. कर्जाचं भाषण ऐकून चौथीच्या पोराला भागाकार येणार आहे का?

फिटर_तिसरीपाळी | १४ जानेवारी, पहाटे २:१०

पाळीतली सुट्टी आहे, म्हणून या वेळेला. मी कोलाम आहे, पोडावरचाच. आता बुटीबोरीला फिटर. तर्कटराव बोलले ते मला बोलायचं होतं, पण त्यांच्या जागेवरून नाही, माझ्या जागेवरून.

आमच्या शाळेत एक सर होते. फार चांगला माणूस. आमची गाणी म्हणायचे, पोडावर येऊन जेवायचे, सणाला आमच्यासोबत नाचायचे. त्यांचे फोटो पेपरात आले, पुरस्कार मिळाला. आम्हाला ते खूप आवडायचे. पण त्यांनी आम्हाला अपूर्णांक शिकवले नाहीत. म्हणायचे, ह्या लेकरांवर ओझं नको. दहावीला गणितात पस्तीस. आयटीआयला गेलो, पहिल्या दिवशी निर्देशकानं व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) हातात दिलं आणि 'शून्य दशांश शून्य दोनचं लघुत्तम माप' म्हणाला. मला दशांश म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. वर्ग हसला. सहा महिने मी रात्री पाचवीचं पुस्तक घेऊन बसायचो, मित्रांपासून लपवून.

कीव करून कमी शिकवणं, हेसुद्धा कर्जात धरा. आम्हाला नाच येत होता. भागाकार शाळेनं द्यायचा होता.

मेळघाटी | सकाळी ७:३०

हे वाचून चहा गार झाला.

खडूफळा | रात्री ८:१५

फिटरभाऊ, तुमचं बोलणं लागलं. पण लॅडसन-बिलिंग्ज बाईंचंही म्हणणं हेच आहे, ते मी वर लिहायला हवं होतं.

त्यांचं मूळ काम १९९४ च्या पुस्तकात आहे. काळ्या मुलांना कोण चांगलं शिकवतं, हे त्यांनी आधी आईबापांना विचारलं, मग मुख्याध्यापकांना. दोन्ही याद्यांत ज्यांची नावं आली अशा आठ शिक्षिकांचे वर्ग त्या बसून पाहत राहिल्या. पाच काळ्या, तीन गोऱ्या. (आपल्याकडं आदर्श शिक्षक ठरवताना आईबापांना कोणी विचारलं आहे का?) त्यातून तीन गोष्टी निघाल्या. पहिली, मूल खरोखर शिकलं पाहिजे, वाचन-गणित पक्कं. दुसरी, शिकताना त्याला आपली भाषा, आपली माणसं सोडावी लागू नयेत. तिसरी, जगात जे वाकडं चाललंय ते ओळखायला आणि त्यावर बोलायला त्याला यावं. लोक दुसरीवरच थांबतात, गाणी-नाच-पोशाख. तुमच्या सरांचं तेच झालं. पहिली गाळली की उरतं ते स्नेहसंमेलन.

एका शिक्षिकेनं मुलांच्या आईबापांना वर्गात 'कारागीर' म्हणून बोलावलं होतं. एका आईचा रताळ्याचा 'पाय' (पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) वस्तीत प्रसिद्ध, तर तिनं येऊन दोन दिवस तेच शिकवलं. मी ते वाचून पोडावरच्या एका आजोबांना बोलावलं, टोपली विणायला. तासभर मुलं गप्प. पण घरी गेल्यावर स्वतःलाच विचारलं, यातून गणित काय निघालं? काहीच नाही. टोपली छान झाली, मुख्याध्यापकांच्या टेबलावर आहे, त्यात बीएलओचे (मतदारयादीच्या कामाचे) फॉर्म ठेवतात.

आलूबोंडा | ८:२२

बीएलओचे फॉर्म टोपलीत, आणि मास्तर घरोघर. कायद्यात अशैक्षणिक कामांत जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढंच लिहिलंय म्हणे. बाकी सगळं मग 'आपत्ती'मध्ये धरत असतील.

शाईपेन | ८:४०

खडूफळा, तिसऱ्या गोष्टीचं काय? पहिल्या दोन तुम्ही उदाहरणासकट सांगितल्या. तिसरी एका वाक्यात उरकली. मी चौतीस वर्षं वह्या तपासल्या आहेत, कुठला प्रश्न ऑप्शनला टाकलाय ते कळतं.

खडूफळा | ११:५०

शाईपेन सर, पकडलंत. खरं तर धागा काढण्यामागं तेच आहे. लिहू की नको, तीन दिवस ठरत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. चौथीला वजन शिकवत होतो. शाळेत तराजू नाही, म्हणून विचारलं, कोणाच्या घरी ताणकाटा, म्हणजे स्प्रिंगचा वजनकाटा, आहे? एकाच्याच घरी असणार, गावातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या. त्याचा मुलगा माझ्याच वर्गात. दुसऱ्या दिवशी तो मोठ्या आनंदात काटा घेऊन आला, पन्नास किलोचा, वेचणीच्या कापसाचा. कडुनिंबाला टांगला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे मुलांना आदल्या दिवशी शिकवलेलं. रिकामी बादली लावली. काटा हलल्यासारखा दिसला नाही. मग बाटलीनं मोजून दहा लिटर ओतलं. दहा किलो पाण्याचे, अर्धा किलो बादलीचा. काटा साडेनऊवर थांबला.

मुलांनी पाणी पुन्हा मोजलं. पुन्हा साडेनऊ. पोडावरची एक मुलगी आहे, फार बोलत नाही. ती म्हणाली, "सर, एक किलो कुठं गेलं?" मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मायच्या गाठोड्यातलं बी असंच जात असन."

सगळा वर्ग त्या मुलाकडं पाहायला लागला. नऊ वर्षांचं पोर, काटा आणायला मिळाला म्हणून सकाळी उड्या मारत आलेलं. त्याचा चेहरा पडला. आणि त्याचे वडील शाळा व्यवस्थापन समितीत. मला दोन्ही दिसत होतं, पोराचा चेहरा आणि बापाचा.

मी सांगितलं, "काही नाही रे, स्प्रिंग जुनी झाली की काटा कमी दाखवतो." आणि पुढचा धडा घेतला. ती मुलगी खाली बसली. संध्याकाळी वडील येऊन काटा घेऊन गेले, हसत म्हणाले, झाला का अभ्यास? मीही हसलो.

पोराला वाचवलं की स्वतःला, हे मला अजून ठरवता आलं नाही. बदलीची भीती होती, हे नाकारत नाही.

सुलभा_आर्वी | १५ जानेवारी, सकाळी ६:०५

पोरालाही वाचवलंत. दोन्ही खरं असू शकतं. पण किलोमागे दहा रुपये मजुरी धरली तर त्या बायांचे रोजचे दहा रुपये गेले, मीठ-तेलाचे.

धुऱ्यावरचा | ७:४०

मी बी वेचणी करून घेतो. आज आमचा काटा तपासतो पान्यानं. सगळेच काटे वाकडे नसतात, पन आमच्या इकडं मालक काट्याजवळ अन् बाई गाठोड्याजवळ उभी राह्यते, आकडा वाचते मालक. वैधमापनवाल्याचा (वजनकाटे तपासनाऱ्या सरकारी खात्याचा) शिक्का मी तं एकाही घरच्या काट्यावर पाह्यला नाही.

तर्कटराव | ९:१०

सर, प्रामाणिक लिहिलंत. तुमच्या जागी मीही स्प्रिंगच सांगितली असती.

फिटर_तिसरीपाळी | १६ जानेवारी, पहाटे २:३०

सर, स्प्रिंगचं चुकलं.

जुनी स्प्रिंग ढिली पडते. ढिली स्प्रिंग तेवढ्याच वजनाला जास्त ताणते, म्हणजे काटा जास्त दाखवतो. जुना काटा मजुराच्या बाजूनं चुकला असता. मालकाच्या बाजूनं चुकायचा तर कोणीतरी हात लावावा लागतो. एक तर आत कडक स्प्रिंग घालायची, नाहीतर शून्य मागं सरकवायचं.

दोन्हींत फरक आहे. रिकाम्या बादलीवर जाऊ नका, अर्धा किलो पन्नास किलोच्या काट्यावर नीट दिसत नाही. वीस लिटर टांगायला हवे होते. बादलीसकट साडेवीस. साडेएकोणीस आले, तर शून्य सरकवलंय, प्रत्येक वजनाला एकच किलो जातो. साडेअठराच्या आसपास आले, तर स्प्रिंग कडक आहे, साधारण दहा किलोमागे एक जातो. शून्याचा खेळ असेल तर बायांनी आपापली गाठोडी घरी मोजून मग पन्नास किलोत बसतील तेवढी एकत्र बांधून एकदाच टांगायची. दोघींची बसली तर दोघींत एकच किलो जाईल. स्प्रिंगचा असेल तर त्याचा उपयोग नाही.

हे गणित चौथीचंच आहे सर. वजाबाकी आणि भागाकार.

आलूबोंडा | सकाळी ८:००

मला विनोद सुचत नाहीये.

शाईपेन | ८:२०

फिटरभाऊ, कधी सेवाग्रामकडं आलात तर घरी या. १९३७ मध्ये जवळच वर्ध्यात गांधीजींच्या नई तालीमची (हाताच्या कामातून शिक्षणाची) परिषद भरली होती, चरख्यातून गणित शिकवायचं म्हणून. ताणकाट्यातून कोणी शिकवलेलं माझ्या ऐकण्यात नाही.

खडूफळा | रात्री ९:३०

दिवसभर मोबाईल उघडला नाही. आत्ता तुमचं उत्तर चार वेळा वाचलं.

मी चुकीचं शास्त्र शिकवलं, तेही घाबरून. तो मुलगा आता तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातो, व्हॅन घ्यायला येते. ती मुलगी सहावीला शेजारच्या गावी, चालत.

फिटर_तिसरीपाळी | ९:४५

एक सांगा सर. टांगायच्या आधी रिकामा काटा नेमका शून्यावर होता की शून्याच्या मागं?

खडूफळा | ९:५२

नाही पाहिलं. तिनं पाहिलं असेल. रविवारी पोडावर जातो, विचारतो. वीस लिटरचा कॅन सोबत नेतो.

धुऱ्यावरचा | ९:५८

काटा कोनाचा नेता मंग? माया घेऊन जा. तपासला, बरोबर आहे.